ॲव्हरेजचं औषध

पेट्रोल पंपावर कुणी खिशातून छोटी बाटली काढून टाकीत दोन झाकणं ओतताना दिसला, की आजही मी तिथे थांबत नाही, गाडी तशीच पुढे काढतो. बायको म्हणते, "तुमचं काय जातं? त्याची गाडी, त्याचं पेट्रोल." तिचं म्हणणं बरोबर आहे. पण नव्वदच्या दशकात सुरतेला, हजीरा रोडवरच्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो, आणि तिथली एक केस मला अजून सोडत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कित्येक आरोपी आज समोर आले तरी ओळखणार नाही. ही केस तर कोर्टात नीट उभीसुद्धा राहिली नाही. तरी हीच डोक्यात बसली आहे.

नावं लिहीत नाही. त्यातली माणसं, त्यांची मुलंबाळं अजून त्याच भागात राहतात आणि त्यांनी पुष्कळ भोगलं आहे.

माझे वडील धुळ्याकडून सुरतेला लूमवर कामाला आले. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, असा मी वाढलो. फौजदार झाल्यावर खान्देशातली माणसं ठाण्यात आली की टेबलं ओलांडून थेट माझ्याकडे यायची. "आपला फौजदार शे," एवढंच त्यांना पुरायचं. त्यातल्या निम्म्या लोकांनी मला तोंडघशी पाडलं, तो भाग वेगळा.

त्या काळी हजीऱ्याच्या कंपन्यांत कंत्राटी कामगार कोसाड, अमरोलीकडून रोज मोटारसायकलवर यायचे. लांबचा पल्ला, जुन्या गाड्या, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय, गाडी ॲव्हरेज किती देते. लग्न जमवताना मुलाची चौकशी होणार नाही इतक्या बारकाईने लोक एकमेकांच्या गाड्यांची चौकशी करायचे. कुणी टाकीत डांबराच्या गोळ्या टाकायचा, कुणी रॉकेल मिसळायचा. आणि इच्छापोरला एक खान्देशी मेकॅनिक होता, तो स्वतः बनवलेलं लाल रंगाचं औषध विकायचा. दोन झाकणं टाकीत टाका, गाडी जास्त पळेल, अशी त्याची ख्याती होती. आमच्या ठाण्याचा जमादार त्याचा पक्का गिऱ्हाईक. "साहेब, फरक पडतो," असं मला छातीठोकपणे सांगायचा.

मेकॅनिक नुसतं सांगून विकत नसे, दाखवून विकायचा. सलाइनची काचेची बाटली असते ना, बाजूला मापाच्या रेघा छापलेली, ती त्याने मिळवली होती. टाकीची नळी बंद करायची, बाटलीत मापून पेट्रोल घ्यायचं, ती उंच बांधून रबरी नळीने कार्ब्युरेटरला जोडायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. आधी गिऱ्हाईकाची गाडी जशी आली तशी चालवून बघायचा. मग गाडी दुरुस्त करून, औषध घालून पुन्हा तेवढ्याच पेट्रोलवर पळवायचा. दुसऱ्या वेळी गाडी हमखास लांब जायची. रस्त्यावर चुन्याची खूण करून तो गिऱ्हाईकाला चालत तिथपर्यंत न्यायचा. एवढं दिसल्यावर कोण नाही म्हणेल?

एके दिवशी सकाळी चहाच्या टपरीवरून ठाण्यात फोन आला. इच्छापोरच्या पुढे चालत्या मोटारसायकलने पेट घेतला होता, चालवणारा भाजला होता. आम्ही पोहोचलो तोवर लोकांनी माती टाकून आग विझवली होती आणि जखमीला टेम्पोतून सिव्हिल हॉस्पिटलला नेलं होतं. रस्त्यावर गाडीचा काळा सांगाडा पडला होता. जमादाराने पंचनामा लिहिला. मला वरून दोनदा बोलावणं आलं होतं, घाई होती. मी पंचनाम्यावर नजर फिरवली आणि खाली सही ठोकली. त्या सहीबद्दल पुढे सांगणारच आहे.

तो माणूस कंपनीत वेल्डर होता, कोसाडला राहायचा. जबाब घ्यायला मॅजिस्ट्रेट दोनदा येऊन गेले, पण तो बोलू शकला नाही. तिसऱ्या दिवशी वारला.

दिवसकार्य व्हायच्या आधीच त्याची बायको ठाण्यात आली. सोबत सासरे होते, ते भिंतीला टेकून खालीच बसले. तिने बसायला नकार दिला. म्हणाली, "फिर्याद लिहा साहेब. माझ्या नवऱ्याच्या गाडीत औषध टाकलेलं होतं. त्या औषधाने गाडी पेटली."

"औषध कुणी दिलं?"

"माझ्या भावाने."

मी लिहिता लिहिता थांबलो. इच्छापोरचा तो मेकॅनिक म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. आईबाप लवकर गेले, हिनेच त्याला वाढवलं, सुरतेला आणलं, आणि नवऱ्याने पदरमोड करून त्याला गॅरेज काढून दिलं. मी विचारलं, "बाई, सख्ख्या भावावर फिर्याद देताय. नीट विचार केलाय ना?"

"माले इतलंच सांगा साहेब," ती म्हणाली, "त्याच्या औषधाने हे गेले का, नाही? तुम्ही सांगाल ते मी मानीन. मग माझं मी ठरवते, मला भाऊ आहे का नाही ते."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. मी कित्येक बायकांना ठाण्यात ऊर बडवताना पाहिलं आहे, त्यांना समजावता येतं. हिला समजावायच्या फंदात मी पडलो नाही. फिर्याद लिहून घेतली, निष्काळजीपणाने मृत्यू आणि फसवणूक अशी कलमं लावली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी खबर आली. इच्छापोरच्या पानवाल्याचा फोन होता, "साहेब, औषधवाळो पोटलां बांधे छे. भागी जवानो." गाठोडी बांधून पळणार म्हणतो म्हटल्यावर आम्ही जीप घेऊन निघालो. गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं, आत तो खरोखरच औषधाच्या बाटल्या गोणीत भरत होता. पण कपड्यांची पिशवी नाही, काही नाही. पळणारा माणूस आधी कपडे भरतो. त्याने आम्हाला पाहून दोन्ही हात पुढे केले.

"कुठे निघाला होतास?" मी विचारलं.

"कुठे नाही साहेब. खाडीत टाकणार होतो हे." मग तो अहिराणीत बोलला. "मन्हा औषधनीच दाजीना जीव लिधा, साहेब."

कबुली अशी दारातच मिळाली. आवाज चढवायचीसुद्धा गरज पडली नाही. आमचे वरिष्ठ इन्स्पेक्टर खूश झाले. पण माझा एक अनुभव होता. जो गुन्हेगार असतो तो आधी नाही म्हणतो, मग माहीत नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो, आणि मग कुठे कबूल होतो. हा पठ्ठ्या पायऱ्या न चढताच माडीवर पोचला होता.

रिमांड मिळाल्यावर मी त्याला माझ्या खोलीत बसवलं. चहा मागवला, तो त्याने प्यायला नाही.

"औषधात काय घालतोस?"

"डांबराच्या गोळ्या कुटून, थोडं रॉकेल, आणखी एक पातळ केमिकल, आणि डाइंग मिलमधला लाल रंग."

"ह्याने गाडी पेटते?"

"त्याने पेट्रोलला ताकद येते, साहेब. म्हणून तर ॲव्हरेज वाढतं. दाजींनी झाकणं जास्त टाकली असतील. ताकद जास्त झाली."

"तू स्वतः कधी गाडी पेटताना पाहिलीस?"

"नाही. पण दुसरं काय असणार?"

तो खोटं बोलत नव्हता. लोकांना बनवणारा माणूस आपल्या मालावर एवढा विश्वास ठेवत नाही. ह्याचा इतका विश्वास होता की त्या विश्वासापायी तो फासावर जायला तयार होता. मी म्हटलं, "अरे गाढवा, पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. मला खरं काय झालं ते हवंय." तो म्हणाला, "खरं हेच आहे. फक्त ताईला एकदा बोलवा. तिच्या तोंडून ऐकायचंय." ताईला निरोप पाठवला. ती आली नाही.

इन्स्पेक्टरसाहेब गुजराती होते, माणूस चांगला, पण कामाचा उरक मोठा. म्हणाले, "फिर्यादी छे, आरोपी कबूल छे, हवे शुं माथाकूट करे छे?" चार्जशीट टाका आणि मोकळे व्हा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, सहकाऱ्यांचे जबाब तरी होऊ द्या.

मयताच्या शिफ्टमधले लोक कंपनीच्या गेटबाहेर एकेक करून माझ्यापुढे आले. सगळ्यांचं पाठ केल्यासारखं एकच. रोजच्यासारखा निघाला होता, आम्हाला काही माहीत नाही. कंत्राटदाराने तंबी दिली होती हे उघड होतं. शेवटी एक फिटर आला. चाळिशीचा, तोही खान्देशी, मयताचा जिवलग दोस्त. उन्हाने रापलेला चेहरा, आणि नाकाखाली तेवढा एक गोरा पट्टा. मिशी नुकतीच काढलेली.

आमच्याकडे माणूस मिशी काढतो ती आई किंवा बाप गेल्यावर, आणि तेव्हा डोकंही भादरलेलं असतं. ह्याचे केस तर तेल लावून चापून बसवलेले.

मी जबाबाचा कागद बाजूला ठेवला. "वडील गेले का?"

"नाही साहेब. गावी आहेत. बरे आहेत."

"मग मिशी का काढलीस?"

त्याने तोंडावर हात ठेवला. आधी मला वाटलं मिशीची जागा झाकतोय. तो रडत होता. मी त्याला जीपच्या मागे सावलीत नेलं आणि पाणी दिलं. मग त्याने सगळं सांगितलं.

शिफ्टमधले लोक वेल्डरची थट्टा करायचे. साल्याने लाल पाणी विकून तुला मामा बनवलंय, म्हणायचे. त्याला ते सहन होत नव्हतं. साल्याचा त्याला फार अभिमान होता. त्या दिवसाच्या आदल्या दुपारी जेवताना पैज लागली. इच्छापोरच्या नाक्यापासून कंपनीच्या गेटपर्यंत एका बाटलीत येऊन दाखव, फिटर म्हणाला. आलो तर तू मिशी काढ, नाही आलो तर मी काढतो, वेल्डर म्हणाला. साल्याकडे बाटली मागितली तर तो देणार नाही, रस्त्यावर असले खेळ नकोत म्हणेल, हे त्याला माहीत होतं. म्हणून बाटली आणि नळी दुसरीकडून आणली.

"कुठून?"

"मीच दिली, साहेब. कंपनीच्या दवाखान्याच्या कचऱ्यातून उचलली. सलाइनची बाटली आणि तिचीच प्लास्टिकची नळी."

सकाळी फिटर गेटवर घड्याळ बघत उभा होता. दोस्त यायच्या ऐवजी लांबून धूर दिसला.

"पण तो पोचला नाही, म्हणजे पैज तू जिंकलास," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे.

"म्हनीसनच काढी टाकी, साहेब," तो म्हणाला. जिंकल्याचीच त्याला लाज वाटत होती.

मी तडक ठाण्यात आलो आणि मुद्देमालाची खोली उघडायला लावली. गाडीजवळ सापडलेल्या वस्तूंची पुडी सोडली. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'आरशाच्या काचेचे तुकडे'. तुकडे काजळले होते. एक रुमालाने पुसला, तर त्याच्यावर मापाच्या दोन रेघा स्पष्ट. शिवाय तारेचं एक वेटोळं होतं, हँडलला बाटली बांधायचं. त्या गाडीला आरसा नव्हताच, हे जळलेला सांगाडा बघून आंधळ्यालाही कळलं असतं. जमादाराने न बघता लिहिलं आणि मी न वाचता सही केली. जमादारावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. सही माझी होती. त्या एका सहीमुळे एक माणूस लॉकअपमध्ये स्वतःला खुनी समजत बसला होता.

सलाइनची नळी पेट्रोलसाठी नसते. पेट्रोलने ती सैल पडून सुटली असणार, आणि पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर. औषधाचा त्यात काही हात नव्हता. फॉरेन्सिकचा अहवाल आला, त्यातही हेच, औषध मिसळलेलं पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा जास्त पेट घेत नाही. मेकॅनिकला जामीन मिळाला. मला वाटलं, सुटलो.

पण मेकॅनिकला बोलावून अहवाल वाचून दाखवला तर तो मानेना. "कागदाचं राहू द्या साहेब. ताकद नसती तर ॲव्हरेज कसं वाढलं असतं? मी डोळ्यांनी बघितलंय." बहिणीला सांगायला कोसाडला गेलो, तर तिचंही तेच. "भाऊच म्हणतो ताकद आहे. मग तुम्ही नाही कसं म्हणता? आपल्या माणसाला वाचवताय, साहेब." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, ठीक आहे, तुमच्या डोळ्यांदेखत दाखवतो. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. मी खरं शोधत होतो, पण थोडा रागात होतो.

इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक माझ्या ओळखीचे होते, विदर्भातले, शांत माणूस. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाटली नको. मी पत्र्याचं मापाचं भांडं आणतो, मागच्या कॅरिअरवर घट्ट बसवू, नळी रबरी आणि क्लिप लावलेली. आणि त्याची गाडी त्यालाच चालवू द्या. फक्त भांड्यात काय आहे ते त्याला सांगायचं नाही."

एका रविवारी सकाळी हजीऱ्याकडच्या एका सरळ, रहदारी नसलेल्या रस्त्यावर आम्ही जमलो. वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या. गाडी जमादाराची, मयताच्या गाडीसारखीच आणि पार मोडकळीला आलेली. बहिणीला मी मुद्दाम बोलावलं होतं. ती सासऱ्यांबरोबर लांब एका बाभळीखाली जाऊन बसली. भावाने तिच्याकडे एकदा पाहिलं, तिने मान वळवली.

पहिल्या फेरीला गाडी होती तशी, साध्या पेट्रोलवर सोडली. वाटेत नाल्यावरची मोरी होती, तिच्या अलीकडेच फुस्स झाली. जमादार ओशाळला.

"आता हिच्यावर एरवी काय करतोस ते सगळं कर," प्राध्यापक म्हणाले, "औषध सोडून."

त्याने हत्यारांची पेटी उघडली. मी त्याला प्रथमच काम करताना पाहत होतो. कार्ब्युरेटर उतरवला, फुंकून साफ केला. प्लग घासला. हवेचा स्क्रू कान लावून एवढासा फिरवला, पुन्हा एवढासा मागे. ब्रेक धरत होते ते मोकळे केले, चेन सैल केली, तेल दिलं, चाकांत हवा भरली. कोर्टातल्या भानगडी विसरून तो त्या गाडीत बुडाला होता. इंजिनाचा आवाजच बदलला. जमादार म्हणाला, "अरे वा, ही माझीच का?"

साध्या पेट्रोलवर गाडी निघाली, मोरी मागे टाकली आणि थेट बाभळीपाशी जाऊन थांबली. मी तिथे चुन्याची रेघ मारली.

तो उतरून रेघेकडे बघत राहिला. "ह्यात औषध होतं ना?"

"नाही," प्राध्यापक म्हणाले.

मग खरी परीक्षा. प्राध्यापकांनी दोन कॅन आणले होते, दोन्हींत लाल रंगाचं पेट्रोल. एकात औषध, एकात नुसता रंग. कुठला कुठला ते एका बंद पाकिटात लिहिलेलं, पाकीट माझ्या खिशात. सहा फेऱ्या झाल्या. कधी ह्या कॅनमधून मापून घेतलं, कधी त्या. प्रत्येक वेळी गाडी बाभळीच्याच आसपास थांबली, दोन पावलं पुढे नाही तर दोन पावलं मागे. सगळ्या रेघा एकमेकींना चिकटून. पाकीट फोडून मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने प्रत्येक रेघेपाशी उभं राहून तो वाचला. सगळ्यांत पुढची रेघ नुसत्या रंगाची निघाली.

"असं कसं होईल?" तो म्हणाला.

प्राध्यापकांनी हळूच विचारलं, "गाडी अशी नीट करून, पण औषध न घालता, तू आजवर कधी चालवून बघितली होतीस?"

"नाही."

"किंवा औषध घातलं आणि गाडीला हातच लावला नाही, असं?"

"घाणेरड्या भांड्यात दूध कोण ओततं, साहेब? औषध टाकायचं तर आधी गाडी साफ नको करायला?"

मी लबाड माणसं आयुष्यभर पाहिली. पण आपल्याच सचोटीने फसलेला माणूस मी तो एकच पाहिला. कामचुकार असता, तशीच गाडी ठेवून औषध ओतत गेला असता, तर महिन्याभरात त्याला कळलं असतं की ह्यात काही नाही.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे वेड्या, ॲव्हरेज तुझ्या हातात होतं. औषधात नव्हतं."

त्याने ग्रीसने माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि तिथेच रस्त्यावर बसला.

आता बहीण उठून आमच्याकडे येत होती. मला मनातून समाधान वाटत होतं, ते इथे कबूल करतो. भाऊ निर्दोष आहे हे मी तिला दाखवलं होतं. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"म्हणजे ह्याच्या औषधाने आग लागली नाही."

"नाही, बाई. नळी सुटली. तुमच्या भावाचा त्यात दोष नाही."

"आणि औषधात काहीच नव्हतं. नुसता रंग."

"काही नव्हतं."

तिने त्या चुन्याच्या रेघांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग त्या कसाकरता गयात, साहेब?"

मग ते कशासाठी गेले? नवरा गेला तो औषध खरं आहे हे सिद्ध करायला. ते खोटं होतं हे मी तिला, तिच्या सासऱ्यांना, चारचौघांत, रेघा मारून दाखवलं होतं. एवढे दिवस ती रागावर उभी होती. तो राग मी काढून घेतला आणि त्या जागी द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. सासरे म्हणाले, "चाल, माय." ती त्यांच्यामागून चालत गेली. भाऊ रस्त्यावर बसून हमसून हमसून रडत होता.  

पुढचं कागदोपत्री काम सोपं होतं. आगीची नोंद अकस्मात मृत्यू. फसवणुकीच्या कलमासाठी गिऱ्हाईकांना विचारलं, तर एकही तक्रार करायला तयार नाही. "साहेब, आमच्या गाडीला फरक पडला होता," प्रत्येकजण म्हणायचा. आणि ते खरंच होतं. केस बंद करायचा समरी रिपोर्ट कोर्टात गेला, मंजूर झाला. मेकॅनिकने गॅरेज बंद केलं आणि इच्छापोरच्याच एका कारखान्यात माल उचलायच्या कामाला लागला. मी त्याला दोनदा समजावलं, नुसती दुरुस्ती कर, लोक रांग लावतील. तो म्हणाला, "स्क्रूला हात लावला की दाजी दिसतात."

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खान्देशात आखाजीला लेकीबाळी माहेरी जातात, भाऊ मुराळी होऊन आणायला जातो. तो माझ्याकडे ठाण्यात आला, धुतलेला शर्ट घालून. "साहेब, जाऊ का ताईला आणायला?" मी म्हटलं, "हे मला विचारतोस?" तो म्हणाला, "मग कुणाला विचारू?" मी त्याला जा म्हटलं, आणि तो गेला तरी दिवसभर माझं लक्ष लागेना.

काय झालं ते मला बहिणीकडूनच कळलं. जप्त केलेल्या औषधाच्या बाटल्या नष्ट करायचा कोर्टाचा आदेश आला होता, त्याच दिवसांत ती नवऱ्याचं घड्याळ परत न्यायला ठाण्यात आली. म्हणाली, भाऊ आला तेव्हा ती नवऱ्याच्या नावाची घागर पुजत होती. पूजा होईपर्यंत तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत आला नाही. मग तिने पिशवी उचलली आणि त्याच्याबरोबर निघाली. बसमध्ये दोघं एक शब्द बोलले नाहीत. "पण मी गेले त्याच्याकडे, साहेब. भाऊच आहे तो," ती म्हणाली.

घड्याळाची सही झाल्यावरही ती उठेना. टेबलाजवळच्या खोक्यात लाल बाटल्या भरलेल्या होत्या, तिकडे बघत होती.

"ह्यातली एक मला द्या."

"बाई, ह्या नष्ट करायच्या आहेत. आणि काय करणार तिचं? तुम्ही पाहिलंत ना, त्यात काही नाही."

"माहीत आहे. पण त्यांना वाटत होतं ना ताकद आहे. त्यांच्या फोटोजवळ ठेवीन. बाहेर काय ठरायचं ते ठरू द्या. माझ्या घरात तिच्यात ताकद आहे."

ह्या केसने काय शिकवलं असं मला लोक विचारतात. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये, हे तर ट्रेनिंगमध्येच शिकवतात. मला उशिरा समजलं ते वेगळं. खरं शोधणं आमचं काम आहे, पण ते कुणापुढे, किती आणि कुठे उभं राहून सांगायचं ह्याचंही भान लागतं. ते भान त्या रविवारी मला नव्हतं. परीक्षा भावापुरती ठेवून, मग घरात एकटीला गाठून, चटईवर बसून, मी तिला तेच सांगू शकलो असतो. तिला चुन्याच्या रेघा दाखवायची काही गरज नव्हती.

ती घड्याळ घेऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या मागे खड्डा खणून बाटल्या फोडल्या. जमादाराने मोजल्या आणि माझ्याकडे पाहिलं. यादीत अडतीस होत्या, फोडल्या सदतीस. मी म्हटलं, "अडतीस लिही." ह्या वेळी मी पंचनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नीट वाचला, आणि मग खाली सही केली.